मिरीचे आईबाप

मिरीला घेऊन सकाळी खाली उतरलं की कोणी ना कोणी थांबून विचारतंच, "अहो, हिला खायला देता की नाही?" कधी एखाद्या आजी असतात, कधी दूधवाला, एकदा तर एका बाईंनी पर्समधून पार्लेचा पुडा काढून थेट तिच्या तोंडासमोर धरला. मिरीने तो हुंगलासुद्धा नाही. मिरी कारवान आहे. कारवान हाउंड, कोणी मुधोळ म्हणतं, माझ्या सासरी नुसतं शिकारी कुत्रं म्हणतात. लांब तोंड, लांब मान, खोल छाती, पोट एकदम आत गेलेलं, कमरेची हाडं वर आलेली आणि शेवटच्या बरगड्या लांबूनही दिसतील अशा. ह्या जातीचं निरोगी कुत्रं असंच दिसतं. मादी सुद्धा खांद्यापाशी ६४ ते ६८ सेंटीमीटर उंच असते, म्हणजे चांगलं मोठं जनावर, आणि वजन मात्र वीस-बावीस किलो. मी हे सगळं सांगते, लोक मान हलवतात, पण पटलेलं नसतं हे चेहऱ्यावर दिसतं.

दिसण्याचं एक वेळ ठीक आहे. मला लागायचं ते तिच्या स्वभावावर लोक जे बोलायचे ते. मिरी कोणाच्या अंगावर उड्या मारत नाही. पाहुणे आले की ती उठते, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथून बघत उभी राहते, कितीतरी वेळ. हात पुढे केला की मान बाजूला घेते. हाक मारली की कान हलतात, डोळे वळतात, पण पाय हलतीलच असं नाही. आमच्याजवळ येते ती रात्री, सगळे झोपायला गेल्यावर, तेव्हा मात्र अख्खं डोकं माझ्या पोटावर टाकते आणि जोरात उसासा सोडते. एका ट्रेनरने सांगितलं लहानपणी नीट सोशलाइज झालेली नाही. दुसऱ्याने पाच मिनिटं बघून सांगितलं की हिला नक्की कोणीतरी मारलेलं आहे, ट्रॉमा आहे. सोसायटीतल्या एकांचं मत जिद्दी आहे, दोन दिवस उपाशी ठेवा, येईल सरळ. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मला सारखं वाटायचं की ही माणसं हिला कशाशी ताडून बघतायत? सगळ्यांच्या डोक्यात लॅब्रॅडॉर असतो. कुत्रं म्हणजे शेपूट हलवत येणारच, बॉल आणून देणारच. मिरीला ताडून बघायचं तर तिच्याच घरच्यांशी बघायला पाहिजे ना, आणि तिच्या घरचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. ती दोन महिन्यांची असताना नवऱ्याच्या मामेभावाने सांगोल्याहून गाडीतून आणून दिली होती, जतकडचं पिल्लू आहे, ओळखीतलं आहे, एवढंच.

मिरीच्या घरच्यांना भेटायला जतला जायचं खरं कारण डॉक्टरांनी दिलं. तिचं नसबंदीचं ऑपरेशन करायचं ठरत होतं म्हणून रक्त तपासलं तर रिपोर्टमध्ये लाल अक्षरं. तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त, थायरॉइड कमी. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले थांबा, घाबरू नका, ग्रेहाउंड, सलुकी, तुमची ही कारवान, नजरेवर शिकार करणारी जी कुत्री असतात त्यांचं रक्त असंच असतं, लॅबचे आकडे इतर कुत्र्यांवरून काढलेले असतात. पळण्यासाठी घडलेलं शरीर आहे, ऑक्सिजन वाहून न्यायला तांबड्या पेशी जास्तच लागणार. पण भुलेचं मात्र जपायला हवं, ते म्हणाले, कारण ह्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि भुलेची काही जुनी औषधं, थायोपेंटोनसारखी, ह्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत, कुत्रं तासन् तास शुद्धीवर येत नाही. आता दुसरी चांगली औषधं आहेत, तीच वापरू. "पण हिच्या आईला, भावंडांना कधी भूल दिली होती का, काय झालं होतं, कळलं तर मला बरं पडेल. विचारा ना त्या माणसाला." फोन करून विचारता आलं असतं. पण मला जायचंच होतं.

पंढरपूर सोडून सांगोल्याच्या पुढे गेलं की रान मोकळं होत जातं. डाळिंबाच्या बागा, मध्येच बाभळी, आणि मग नुसता माळ, नजर जाईल तिथपर्यंत. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं पूर्वेकडचं दुष्काळी टोक, म्हैसाळच्या योजनेचं पाणी आता काही भागात आलंय, बाकी भाग अजून पावसाकडेच बघतो. पुण्यापासून तिथपर्यंत मिरी मागच्या सीटवर पडून होती. माळ सुरू झाला तशी उठून बसली, मग उभी राहिली, नाक काचेला लावून, आणि लांब कुठेतरी बारीक दिसणाऱ्या मेंढरांवरून तिची मान सरकत राहिली. पुण्यात तिची नजर समोरच्या इमारतीवर जाऊन आपटते. अशा लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यात आतल्या पडद्यावर पेशींचा एक आडवा दाट पट्टा असतो, क्षितिजावर काही हललं की ते आधी ह्यांना दिसतं. हे मी वाचलेलं होतं, पण तिला तसं बघताना पहिल्यांदाच बघत होते.

मिरी ज्यांच्याकडे जन्मली त्या अण्णांची वस्ती रस्त्यापासून आत आहे, कच्च्या वाटेने. दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची शेड, एक खिलार बैल, चार शेळ्या, कोपऱ्यात कडब्याची गंज. पिंजरे नाहीत, बोर्ड नाही. ब्रीडर हा शब्द मी इथे वापरते कारण दुसरा जवळ नाही, अण्णा स्वतःला शेतकरी म्हणतात. त्यांच्या घरात आजोबांपासून ही कुत्री आहेत. दोन माद्या, एक म्हातारी, एक मिरीची आई. दोन वर्षांतून एखादं वेत. तो भाग मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारा, अण्णा आमच्याशी मराठीत बोलत होते आणि कुत्र्यांशी कानडीत. आम्ही पोचलो तर त्यांच्या घरातल्या मावशी आधी बाहेर आल्या, मिरीकडे बघून म्हणाल्या, "आगं बाई, हिचं तोंड बघा की, सरजाचंच." सरजा म्हणजे बाप. मिरीच्या तोंडावर काळी झाक आहे, डोळ्यांच्या खालपर्यंत, ती आम्हाला नुसती छान दिसते म्हणून आवडायची. मावशींनी ती एका सेकंदात बापाच्या नावावर लावून टाकली. लेकीला माहेरी नेल्यावर बायका जशा नाक कोणाचं, हनुवटी कोणाची करत बसतात, अगदी तसं, आणि मला तिथे एकदम हलकं वाटलं. इतके दिवस मिरी म्हणजे एकटी मिरीच होती.

"आई कुठंय हिची?" मी विचारलं.

अण्णांनी हनुवटीने दाखवलं. शेडच्या पलीकडे, बांधावर, दगडांच्या राशीपाशी एक पांढुरकी कुत्री उभी होती. आम्ही गाडी वळवली तेव्हापासून ती तिथेच उभी असणार. शेपूट खाली, मान वर, एक पुढचा पाय जरा उचललेला. भुंकली नाही, पुढे आली नाही, मागे गेली नाही. बिजली तिचं नाव. मी दोन पावलं पुढे गेले तशी ती तेवढीच दोन पावलं बाजूला सरकली, अंतर तेवढंच ठेवून. तोंडाचा कोन, मानेचा कोन, सगळं मला पाठ होतं. आमच्या हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी रोज उभं असतं ते.

"ती येणार न्हाई ताई आत्ता," अण्णा म्हणाले. "तिला बगू द्या. बगून झालं की ठरवंल ती."

मी म्हटलं ही कायम अशीच? तर म्हणाले, "अशीच असती जात. हिची आई तर घरच्या माणसाबिगर कुणाला हात लावू द्यायची न्हाई. मारकी न्हवती, चावली न्हाई कुणाला जन्मात. पर लाडात येनार न्हाई." मग मी ट्रेनरांचं सगळं सांगितलं, सोशलाइज नाही, ट्रॉमा, मार. अण्णा ऐकत होते, त्यांना राग आला असावा असं वाटलं पण आवाज चढला नाही. "ह्या घरात कुत्र्यावर हात उचलत न्हाईत," एवढंच बोलले. मावशींनी चहा आणला होता, त्या तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, दोन महिनं आईखाली होती पोरगी, आमच्या नातवंडांच्या अंगावर खेळली, मंग कशानं भ्यायची?

मला ते ऐकून काय वाटलं हे नीट सांगता येणार नाही. आपल्या जनावराबद्दल कोणी खात्रीने सांगावं की तिच्यावर कधी वाईट वेळ आलेली नाही, ती आहे तशीच पूर्ण आहे, ह्याच्यासाठी मी अजून चौपट रस्ता तुडवला असता.

बिजलीचं बघून व्हायला बराच वेळ लागला. आम्ही शेडमध्ये बसलो, मिरी माझ्या पायाशी पट्ट्यात. ती पण आईकडेच बघत होती, कान उभे. मग केव्हातरी अण्णा न बघताच "बा इल्ली", म्हणजे इकडे ये, म्हणाले आणि बिजली निघाली, सरळ नाही, लांबून अर्धं वर्तुळ घेत, वाऱ्याच्या बाजूने. जवळ आल्यावर दिसलं की पुढच्या डाव्या पायावर कोपरापासून खाली केस नसलेला एक लांब व्रण आहे आणि थानं अजून थोडी ओघळलेली. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. मिरीचं तोंड हुंगलं, ओठांचा कोपरा, मग कानाच्या आत, मग मागे गेली, परत तोंडाशी आली आणि परत ओठांचा तोच कोपरा. मिरी एकदम स्थिर. एकदा बिजलीने हनुवटी तिच्या पाठीवर ठेवली आणि घशातून बारीक गुरगुरली तशी मिरी खाली बसली, पोटावर. मग बिजली तिच्या शेजारी उभी राहिली. बसली नाही, चाटलं नाही, काही नाही. आमच्या मुलाला फार वाटत होतं की दोघी मिठ्याच मारतील, तो जरा हिरमुसला.

ओळखलं असेल का? पीटर हेपर नावाच्या शास्त्रज्ञाने १९९४ साली ह्याच्यावर एक अभ्यास छापला होता, साधा प्रयोग, कुत्र्यांना झोपायला फडकी दिली आणि तीच फडकी मग दुसऱ्या कुत्र्यांना हुंगायला ठेवली. सुमारे दोन वर्षं लांब राहिलेल्या आया आपल्या पिल्लाचं फडकं जास्त वेळ हुंगत होत्या आणि पिल्लं आईचं. भावंडं मात्र एकमेकांना ओळखत होती ती फक्त जी दुसऱ्या एखाद्या भावंडाबरोबर राहत होती ती. म्हणजे आईचा वास राहतो. मिरी घरी यायच्या आधीचे दोन महिने तिच्यात कुठेतरी शिल्लक आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग भुलेचं विचारलं. अण्णांनी बिजलीच्या पायाचा व्रण दाखवला. तारेच्या कुंपणात अडकून पाय फाटला होता, सरकारी दवाखान्यातून डॉक्टर आले, इंजेक्शन देऊन शिवलं. "टाकं घातलं सकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळच्याला डोळं उघडलं हिनं. आमी आशा सोडली होती. पोरं रडायली होती." कोणतं इंजेक्शन ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण तारीख ठाऊक होती, कारण त्यांनी वही काढली. शंभर पानी शाळेची वही, कव्हरवर सेलोटेपने चिकटवलेलं पोस्टाचं तिकीट. २००५ साली पोस्टाने भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली होती, हिमालयन शीपडॉग, रामपूर, राजपालयम आणि मुधोळ, त्यातलं मुधोळचं. आत प्रत्येक वेताचं पान. नर कोणाचा, तारीख, किती पिल्लं, रंग, नर-मादी, कोणी नेलं, गाव, फोन. गेलेल्या पिल्लापुढे फुली आणि कशाने गेलं ते. मिरीच्या वेताला नऊ पिल्लं. दोन फुल्या, दोन्हीपुढे "रक्ताचे जुलाब", दोन्ही एकाच गावची, म्हणजे पार्वो हा पिल्लांचा साथीचा रोग असणार. मिरीची ओळ: बदामी, तोंड काळं, मादी, सांगोल्याचे पाव्हणे, पुढे पुणे. मी त्या पानाचे फोटो काढून तिथूनच डॉक्टरांना पाठवले.

सरजा दुसऱ्या वस्तीवर असतो, माडग्याळच्या बाजूला, एका धनगर कुटुंबाकडे. माडग्याळची मेंढी पण तिकडचीच, उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, नाक बाकदार, बघत राहावं असं जनावर. ज्याचा नर त्याला वेतातलं एक पिल्लू, असा तिथला रिवाज. सरजा मेंढरांच्या वाघरीजवळ पडला होता, मालक दिसल्यावर उठला, मान खाली घातली आणि "ऊऊऊ" करत लांब सूर काढला, खालून वर जाणारा. मी आणि नवरा एकमेकांकडे बघायला लागलो. मिरी हेच करते. आम्ही बाहेरून आलो की दारात मान खाली घालून असाच सूर, आणि खालच्या मजल्यावरून दोनदा तक्रार आलेली की तुमचं कुत्रं एकटं रडतं. रडत नाही, बापाकडून आलेलं आहे. सरजाचा मालक म्हणाला ह्याच्या समद्या पिल्लांत एक तरी गातं निघतं.

परत अण्णांकडे आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अण्णांचा मुलगा म्हणाला सोडा की हिला आईबरोबर, माळावर. माझा जीव खालीवर. ही जात एकदा पळाली की हाकेला थांबत नाही हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि खरं असतं, पुण्यात मी तिला उघड्यावर कधीच सोडत नाही. अण्णा म्हणाले आई हाय की संगं, आई वळली की वळंल. मुलाने सायकलच्या जुन्या ट्यूबला बांधलेलं एक फडकं मोटारसायकलच्या मागे लावलं आणि निघाला. बिजली निघाली. मिरी क्षणभर माझ्याकडे बघून निघाली.

मी तिला पळताना बघितलं होतं, टेनिस कोर्टच्या जाळीच्या आत, चार उड्यात टोक आणि परत. हे ते नव्हतं. ही कुत्री पळताना एका फेकीत दोनदा जमिनीपासून पूर्ण सुटतात, एकदा अंग लांब ताणलेलं असताना आणि एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. घोडासुद्धा एकदाच सुटतो. डोळ्यांना ते दोन वेगळे क्षण दिसत नाहीत, पण पाठ दिसते, कमान होऊन उघडणारी, आणि आवाज येतो, पायांचा नाही, श्वासाचा. मिरी आईच्या मागे होती, मग बरोबरीला, मग फडकं वळलं तेव्हा आतल्या बाजूने पुढे गेली. लोक जिला उपाशी म्हणतात ती ही. कमरेची ती वर आलेली हाडं, ते आत गेलेलं पोट, सगळं कशासाठी आहे ते माळावर कळत होतं, समजावून सांगायला लागलंच नसतं कोणाला. बिजली एका टप्प्यावर थांबली, तिला कंटाळा आला असावा, आणि वळून चालत यायला लागली. मिरी अजून थोडी गेली, मागे बघितलं आणि तिच्यामागे आली. अण्णा काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.

रात्री जेवताना ते बोलत होते, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी. त्यांच्या वडिलांच्या काळात ही कुत्री सशामागे सोडायचे, ते त्यांनी लपवलं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे शिकार बंद झाली, आणि अण्णांचं म्हणणं बरंच झालं, ससं तरी दिसतंय कुठं आता. आता कुत्री राखण करतात, डाळिंबात रानडुकरं येतात, मेंढरांवर लांडगा येतो. जत्रांमधून शर्यती होतात त्यांना मात्र ते देत नाहीत, म्हणाले पाय मोडत्यात कुत्र्यांचं, आणि जिंकायच्या नादात ग्रेहाउंड घालून क्रॉस करत्यात, एक पिढी वेगात पळती, पुढल्या पिढीला ऊन सोसत न्हाई. मूळची जात कोरडवाहू रानातली, ऊन, थोडं खाणं, कमी पाणी ह्यावर तगलेली. मुधोळ तिथून लांब नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कुत्री तिकडच्या बेडर जमातीच्या लोकांकडे बघितली, वाढवली, त्यातली जोडी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला भेट दिली, तिथून मुधोळ हे नाव रूढ झालं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा एक केनेल क्लब कारवान म्हणतो, दुसरा मुधोळ म्हणतो. २०१६ साली लष्कराच्या मेरठच्या केंद्रात काही पिल्लं प्रशिक्षणाला नेली. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांचं, मुधोळचं नाव घेतलं.

"तवापासनं फोन थांबंना," अण्णा म्हणाले. लोक गाडीतून येतात, पैसे दाखवतात, पांढरंच पाहिजे म्हणतात, महिन्याचं असेल तरी चालेल म्हणतात. अण्णा दोन महिन्यांच्या आत देत नाहीत, आणि आई-बाप बघितल्याशिवाय न्यायला आलेल्याला तर परत पाठवतात. "पोरगी बगायला जातो तवा घर बगतोच की न्हाई मानूस? ह्यांना कुत्र्याची आई बगायला येळ न्हाई." आम्हीही तेव्हा आलो नव्हतो, पण मामेभाऊ दोनदा येऊन बसून गेला होता, बिजलीला भाकरी घालून गेला होता, ते त्यांच्या वहीत होतं.

हे मी इतकं तपशिलात लिहितेय कारण शहरात ह्याच्या बरोबर उलटं चाललेलं मी बघते. माझ्या नणंदेने लॅब्रॅडॉर घेतला तेव्हा पिल्लू एका मॉलच्या पार्किंगमध्ये हातात दिलं. आई कुठंय विचारलं तर गावाला आहे. फोटो दाखवला तो नेटवरचा. पस्तीस दिवसांचं पिल्लू होतं, आणि वर्षाच्या आत मागचे पाय ओढायला लागलं, हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधाच नीट बसलेला नसतो. लॅब्रॅडॉरमध्ये तो आईबापांकडून येण्याची शक्यता मोठी असते, म्हणून जबाबदार माणूस वेत घ्यायच्या आधी दोघांच्या खुब्याचे एक्सरे काढतो, आणि मागितले की दाखवतो. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केलेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादी दीड वर्षाची व्हायच्या आत तिचं वेत घ्यायचं नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे. हे नियम कोणी तुमच्यासाठी जाऊन तपासणार नाही. तुम्ही फक्त एवढं म्हणा, मला आई बघायचीय, ती राहते तिथे येऊन. तेवढ्यावर बरेच जण फोन ठेवून देतात, आणि ज्यांनी ठेवला त्यांच्याकडची आई कशी असेल, कुठल्या पिंजऱ्यात, कितव्या वेताची, ते समजून जा. जो दाखवतो त्याच्याकडे थोडा वेळ बसा. आई अंगाने कशी आहे, अनोळखी माणसाकडे कशी बघते, मालकाने हात उचलला तर दचकते का. पिल्लू सगळ्यांचंच गोड असतं, त्याच्यावरून काही कळत नाही. आई हे तुमच्या पुढच्या बारा वर्षांचं चित्र असतं.

आणि कोणी म्हणेल जातीचं कुत्रं घ्यायचंच कशाला, गल्लीतलं घ्या. घ्याच. उलट गल्लीतल्या पिल्लाची आई तर अख्ख्या गल्लीला माहीत असते, कोणत्या गाडीखाली व्यायली, कोणाला चावते, कोणाच्या मागे शेपूट हलवत जाते. तेवढी माहिती लाखभर रुपये मोजून पिल्लू घेणाऱ्याकडे नसते.

मिरीचं ऑपरेशन झालं. बिजलीचं कळल्यामुळे डॉक्टरांनी औषध निवडून, डोस जपून दिला, टेबलावर गरम पॅड ठेवलं, कारण चरबी नसल्यामुळे ह्यांचं अंग भुलेत पटकन गार पडतं. दुपारी ती उभी राहिली, संध्याकाळी मला बघून तो बापाचा सूर काढला, जरा बसलेल्या आवाजात. खालच्या मजल्यावर मी आता जाऊन सांगितलंय हे काय आहे ते. हाकेला ती अजून येत नाही, आली तर तिच्या मनाने येते, आणि आमच्या घरी आता नवीन कोणी आलं की मी आधीच सांगते, हिला बघू द्या थोडा वेळ.

वहीतल्या त्या पानावर मिरीच्या एका भावाचा नंबर होता, कराडच्या कुटुंबाकडे असतो. अण्णांना विचारून मी फोन लावला. पलीकडच्या बाई आधी जरा सावध होत्या, मग मोकळ्या झाल्या, फोटो पाठवले, तोंड काळंच. बोलता बोलता त्यांनी आवाज खाली घेतला आणि विचारलं, "एक विचारू का, तुमची हाक मारल्यावर येते का हो? आमचा नुसता लांब उभा राहून बघतो. आम्हाला सगळे म्हणतात लहानपणी ह्याला कोणीतरी मारलंय." मी त्यांना बिजलीचं सगळं सांगितलं, बांधावरचं, अर्धं वर्तुळ घेऊन येण्याचं, आणि म्हटलं एकदा त्याला घेऊन जतला जाऊनच या. अण्णांनी सांगितलंय, येताना त्याचं वजन करून या, वहीत लिहायचंय.